पिंपातलं कोमट पाणी

"काटा पूर्ण दाखवत होता. मग माझा दादा गेला कसा?"

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. तो ओट्यावर बसून तांब्याची तार सोलत होता.

सर्जाने हा प्रश्न डॉक्टरांना विचारला होता. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. बॅटरी कंपनीच्या माणसाला विचारला, तर त्याला तेवढ्यात फोन आला. वायरमन म्हणाला, वारा फार होता. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना त्याने एकेकाला गाठून विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, लिहिलेलं चुकत नाही रे बाबा... उत्तर कुणी दिलं नाही.

म्हणून तो टेम्पो घेऊन घाट चढून आला होता.

वर पठारावर पीरसाहेबांच्या थडग्याशी फकिरांचा तकिया होता, आणि तकियात यासीनचाचा. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात बॅटरीच्या खोलीत काढलेला माणूस. नोकरी संपल्यावर इथे येऊन राहिला. पीराला ऊद घालायचा, आणि मोबाइलच्या टॉवरवाल्यांनी, दवाखानेवाल्यांनी बॅटऱ्या आणल्या की तपासून द्यायचा. खालच्या गावातली पोरं त्याला बॅटरीबाबा म्हणत. त्याला ते आवडायचं.

पठारावर धुकं होतं. धुक्यात पवनचक्क्या फिरत होत्या, पण त्यांची नुसती पाती दिसत, खांब दिसत नसत. एक पातं यायचं, जायचं... मग दुसरं. सर्जा पंधरा दिवस धड झोपला नव्हता. त्याला वाटलं, कुणीतरी वरून हात हलवून बोलावतंय.

"टेम्पोत काय आहे?" चाचांनी विचारलं.

"आठ बॅटऱ्या. दवाखान्याने भंगारात काढल्या. मी उचलून आणल्या. यातली कुठली उलटली ते सांगा."

"सांगून?"

सर्जाने टेम्पोतून घण काढला आणि ओट्याला टेकवून ठेवला.

चाचांनी घणाकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. शिकलास किती, म्हणून त्यांनी विचारलं. सातवी नापास, सर्जा म्हणाला.

"बरं झालं. आठवीच्या पुढं गेलेल्यांना सांगितलेलं ऐकू येत नाही."

सर्जा हसला नाही. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याचा मोठा भाऊ निवृत्ती. रानात गवताचा भारा उचलताना मण्यार चावली. दवाखान्यात इंजेक्शनं दिली, पण छातीतला जोर गेला, म्हणून श्वासाचं यंत्र लावलं. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस यंत्र श्वास देईल, तिसऱ्या दिवशी हा स्वतः घेईल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वादळ झालं, तारा तुटल्या. यंत्र बॅटरीवर गेलं. अर्धा तास चालायला हवं होतं, ते चार मिनिटं चाललं. हाताने दाबायची पिशवी कपाटात कुलपात होती. किल्ली सापडेपर्यंत...

सर्जाने टेम्पोतल्या बॅटऱ्यांकडे बोट केलं.

"आणि त्या बॅटऱ्या दर तीन महिन्यांनी मीच तपासतो," तो म्हणाला. "आमच्या दुकानाकडे काम आहे ते. दोन महिन्यांपूर्वी मीच ठीक म्हणून लिहिलं होतं. पाच वर्षं हेच करतोय चाचा. बॅटरी नुसती हुंगून सांगतो मी. म्हणून विचारतो, माझं चुकलं का हिचं?"

"कशी तपासलीस?"

त्यात काय विचारायचं, असं तोंड करून सर्जाने खिशातून मीटर काढलं, टेम्पोवर चढला आणि एकेका बॅटरीला मीटरच्या दोन काड्या टेकवून व्होल्ट वाचून दाखवले. बारा-आठ. बारा-आठ. बारा-सात. बारा-आठ. आठही भरलेल्या. भंगारात काढलेल्या बॅटऱ्या पंधरा दिवसांनंतरही पूर्ण दाखवत होत्या.

"बघा. आहे का कुठं खोट?"

"नाही," चाचा म्हणाले. "उतरव खाली."

बॅटऱ्या उतरवायला वेळ गेला. एकेक तीस किलोची. चाचांनी त्या चिंचेखाली एका ओळीत लावून घेतल्या आणि तारेने एकीला एक जोडल्या. मग तकियाच्या मागून एक निळं प्लॅस्टिकचं पिंप लोटत आणलं. पिंपावर आडवा बांबू होता आणि बांबूला दोरीने दोन लोखंडी पत्रे टांगलेले होते. ओळीच्या दोन टोकांच्या तारा त्यांनी त्या पत्र्यांना जोडल्या. सर्जाने पाणी भरलं आणि मीठ कुठं आहे विचारलं. दुकानात त्याने ऐकलं होतं की जुनी माणसं मिठाच्या पाण्यावर बॅटरीचा चार्ज उतरवतात.

मिठाच्या पाण्यातून विषारी वायू निघतो, छाती भरून येते, चाचा म्हणाले, आणि त्यांनी धुण्याच्या सोड्याचा पुडा फोडला.

सर्जाने बिडी काढली. चाचांनी ती त्याच्या ओठातून काढून घेतली आणि चुरडून लांब फेकली. या पाण्यातून जे निघतं त्याला ठिणगी चालत नाही, एवढंच सांगितलं. मग वही आणि पेन्सिल घेतली.

"आता नीट ऐक. आमच्या ऑफिसची रीत आहे. तू आकडा वाचायचा. मी तो तुला परत म्हणून दाखवायचा. तू हो म्हणालास की मगच लिहायचा. न म्हणता लिहिलेला आकडा आमच्यात आकडा नसतो."

"दोघांत कशाला? मी एकटा लिहितो की."

"एकटा लिहितोसच," चाचा म्हणाले.

त्यांनी दोरी सैल केली. पत्रे पाण्यात उतरले, बॅटऱ्यांवर भार पडला. जरा वेळाने पत्र्यांच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले, मग मोठे. पाणी हळूहळू बोलायला लागलं. बुडबुड यायची, थांबायची, पुन्हा यायची... सर्जाने तो आवाज ऐकला होता. दादाच्या खाटेशेजारी यंत्राच्या नळीत पाणी साचायचं, तेव्हा असाच आवाज व्हायचा. दादा झोपलेला असायचा आणि पाणी त्याच्याऐवजी बोलत असायचं.

धुक्यातून एक पातं आलं आणि गेलं.

"वाच," चाचा म्हणाले.

सर्जा दचकला. पहिलीला काड्या लावल्या.

"बारा-तीन."

"बारा-तीन."

"हो."

दुसरी बारा-तीन. तिसरी बारा-दोन. चौथी बारा-तीन. पाचवीला काड्या लावल्या आणि सर्जा मीटरवर वाकला.

"वाच."

"नऊ-एक... आठ-सहा... चाचा, ही खाली चाललीय."

"एक आकडा सांग."

"सहा."

"सहा."

"हो."

सहावी बारा-तीन, सातवी, आठवी तशाच. तो परत पाचवीकडे आला तेव्हा तिथे दोन उरले होते. पिंपातले बुडबुडे बारीक झाले. सात बॅटऱ्या भरलेल्या होत्या, आणि सगळ्यांचा जोर एकीने अडवला होता.

चाचांनी दोरी ओढली. पत्रे वर आले, ठिबकत राहिले. पाणी गप्प झालं.

सर्जाने घण उचलला. डोक्यावर नेला. त्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला, तो कुणाला उद्देशून नव्हता.

चाचा उठले नाहीत. त्यांनी वहीवरून नजरही काढली नाही.

"मार. पण मारायच्या आधी एकदा वाच. मेलेल्या माणसाचीही शेवटची नाडी बघतात."

सर्जा घण तसाच धरून राहिला... मग त्याने तो बाजूला टाकला, गुडघ्यावर बसला आणि पाचवीला काड्या लावल्या.

अकरा-पाच.

तो बघत राहिला. अकरा-नऊ. बारा-एक. आकडा आपसूक चढत होता. कुणी काही केलं नव्हतं. ती नुसती एका जागी बसून होती. थोड्या वेळाने बारा-पाचवर येऊन थांबली.

"ही तर पुन्हा भरली," सर्जा म्हणाला. तो घाबरला होता.

चाचांनी उलट विचारलं, जेवलास का? हो, सर्जा म्हणाला. झोप लागते? लागते. घरी कसं आहे?

"ठीक आहे."

"वहिनी?"

"त्याही ठीक आहेत. रोज माझं ताट वाढून ठेवतात. म्हणतात, भावजी, तुम्ही तरी खा."

"आणि तू?"

"मी ठीक आहे म्हटलं ना."

"उचल," चाचा म्हणाले.

"काय?"

"पाचवी. उचल आणि छातीशी धर."

सर्जाला राग आला. पण तो राग कुठेतरी घालवायलाच तो इथवर आला होता. त्याने तारा सोडवल्या, वाकून बॅटरी उचलली आणि छातीशी धरून उभा राहिला. तीस किलो त्याला जड नव्हते. दिवसातून पन्नास वेळा उचलायचा तो.

चाचांनी वही मांडीवर घेतली.

धुकं खाली उतरलं. चिंच दिसेनाशी झाली. मग पिंपही पुसट झालं. नुसती पाती येत-जात राहिली, आणि कुठूनतरी बकरीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. किती वेळ गेला ते सर्जाला कळलं नाही. आधी बोटं दुखली. मग बोटं दुखायची थांबली आणि खांदे दुखायला लागले. मग पाय थरथरले. बॅटरी त्याच्या छातीवर आपटत होती का त्याची छाती बॅटरीवर, ते त्याला सांगता आलं नसतं.

"ठेवू खाली?"

"त्या दिवशी तू भार किती वेळ टाकलास?"

सर्जाने घसरणारी बॅटरी पुन्हा वर ओढून धरली.

"नियम अर्ध्या तासाचा आहे. किती वेळ टाकलास?"

"चाचा, हात सुटतील..."

"किती?"

"टाकलाच नाही." सर्जा म्हणाला. "नुसत्या काड्या लावल्या. भार टाकायचा तर सिस्टरला विचारायला लागतं, यंत्रं भिंतीच्या विजेवर घ्यायला लागतात, अर्धा तास बसायला लागतं... दादा फाटकाबाहेर गाडी घेऊन उभा होता. आम्हाला माझ्यासाठी मुलगी बघायला जायचं होतं. पाहुणे खोळंबले होते. तो हॉर्न वाजवत होता, चाचा. सारखा वाजवत होता. ओरडत होता, सर्ज्या, चल की, तुझ्याच लग्नाची गोष्ट आहे... मी ठीक लिहिलं आणि पळालो."

चाचांनी पेन्सिल कागदावर टेकवली.

"भार टाकला नाही," ते म्हणाले.

आणि थांबले.

सर्जा त्यांच्याकडे बघत राहिला. म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत होता. लिहीत नव्हता. त्याला काय हवं आहे ते सर्जाला कळायला वेळ लागला.

"हो," तो म्हणाला.

मग चाचांनी लिहिलं.

बॅटरी त्याच्या हातातून सुटली नाही. त्याने ती वाकून, दोन्ही पायांच्या मधे, हळू खाली ठेवली. आणि तिच्याशेजारीच बसून तो रडला. तेराव्याच्या दिवशीही रडला नव्हता तसा, लहान पोरासारखा, नाक न पुसता.

चाचांनी त्याला रडू दिलं. मग पिंपाच्या तारा सोडवून बाजूला केल्या, त्याचा हात मनगटाला धरला आणि पिंपात घातला.

पाणी कोमट होतं.

"ही ऊब कुठनं आली?" सर्जाने विचारलं.

"त्या सात जणींची आहे."

बोटं हळूहळू उघडली. दादाला त्या चार मिनिटांनंतर जे मिळायचं राहिलं होतं ते असंच काहीतरी असेल, असं सर्जाला वाटून गेलं. तो हात बुडवून बसून राहिला. पाणी निवेपर्यंत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नव्या बॅटऱ्या बसवायच्या होत्या. ते काम दुकानाचं होतं, म्हणजे सर्जाचंच. आदल्या दिवसापर्यंत त्याचं ठरलं होतं की पुन्हा मीटरला हात लावायचा नाही. पण सकाळी त्याने टेम्पो काढला, आणि चाचा पिंप धरून मागे बसले.

दवाखान्याच्या सोनुले सिस्टर दारातच उभ्या होत्या. आत एक म्हातारी श्वासाच्या यंत्रावर होती आणि यंत्र नुसतं भिंतीच्या विजेवर चाललं होतं. सिस्टरचा जीव टांगणीला लागलेला. खोकी कंपनीतून बंद आली आहेत, कोऱ्या करकरीत बॅटऱ्या आहेत, जोडा आणि मोकळं करा, असं त्या दोनदा म्हणाल्या.

"जोडतो," सर्जा म्हणाला. "पण आधी भार टाकून बघणार. अर्धा तास पूर्ण. तोवर म्हातारीजवळ एक जण हातपिशवी घेऊन उभा करा. किल्ली कुलपाला लावूनच ठेवा."

"आणि अर्ध्या तासात वीज गेली तर?"

"म्हणूनच तर पिशवी सांगितली."

सिस्टरनी चाचांकडे पाहिलं. चाचा पिंपात सोडा ढवळत होते. त्यांच्याकडून काही मिळणार नाही हे बघून त्या आत गेल्या.

अंगणात पिंप बोलायला लागलं. सर्जा वाचत होता, चाचा म्हणत होते, सर्जा हो म्हणत होता. खिडकीतून एक नर्स ऐकत होती. तिला वाटलं, दोघं आरती म्हणताहेत. आत म्हातारीच्या यंत्राचा आवाज आणि बाहेर पाण्याचा आवाज, कधी एकमेकांच्या पुढे कधी मागे, चालत राहिले... सर्जाला अधूनमधून कळेनासं व्हायचं की आपण कुठे आहोत. पण आकडा आला की तो जमिनीवर यायचा. अर्धा तास संपला. आठही बारावर टिकल्या होत्या.

"बघा, काही नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. पण त्यांचाही श्वास सुटलेला दिसला.

बॅटऱ्या आत नेऊन जोडल्या. म्हातारीच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला. मग सिस्टर तपासणीचं रजिस्टर घेऊन आल्या. सर्जाने पान उघडलं.

वरच्याच ओळीत त्याचं अक्षर होतं. दोन महिन्यांपूर्वीची तारीख. "भार: ३० मि." आणि त्याच्यापुढे "ठीक". ठीकची वेलांटी ओढताना पेन घसरलं होतं. घाईत लिहिलेलं.

त्याने ते पान मुठीत धरलं. कागद टर्रकन शिवणीपाशी उसवला.

"फाड," चाचा म्हणाले. "मग तुझा दादा कुठल्या पानावर राहील?"

सर्जाची मूठ तशीच राहिली.

सोनुले सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. त्या हळू आवाजात बोलल्या. असं काही करू नकोस, म्हणाल्या. चौकशी संपली आहे. एक बॅटरी खराब निघाली, एवढंच वर गेलंय. तुझं नाव कुठंही नाही, सर्जेराव. निवृत्तीच्या बायकोलाही आम्ही तेच सांगितलंय. आता आजची ओळ लिही आणि घरी जा. झोप जरा.

सर्जा ऐकत होता. दार उघडं होतं. कुणी अडवत नव्हतं. नुसती आजची ओळ लिहायची होती आणि जायचं होतं.

त्याने चाचांकडे पाहिलं. म्हातारा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होता. झोपला असावा असं वाटलं.

सर्जाने मूठ सोडली. चुरगळलेलं पान मेजावर ठेवून तळहाताने सारखं केलं. मग आजची ओळ लिहिली, आठही आकडे, एकाखाली एक. मग पेन वर नेलं. त्या जुन्या ठीकच्या शेजारी जागा कमी होती, म्हणून त्याने बारीक अक्षरात लिहिलं. सातवी नापास माणसाचं अक्षर, सावकाश काढलेलं.

भार टाकला नव्हता. खोटं लिहिलं. सर्जेराव.

लिहिताना तो प्रत्येक शब्द तोंडाने म्हणत होता.

"...खोटं लिहिलं," चाचा डोळे न उघडता म्हणाले.

"हो," सर्जा म्हणाला.

सिस्टरनी रजिस्टर ओढून घेतलं, वाचलं, आणि त्यांना काय करावं सुचेना. शेवटी त्यांनी ते मिटलं, आणि मिटलेल्या रजिस्टरवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुकानातलं काम जाईल त्याचं, एवढंच त्या पुटपुटल्या. प्रकरण पोलिसांत जाईल का ते त्यांना माहीत नव्हतं.

सर्जा बाहेर आला. अंगणात पिंप होतं. त्याने ते कलंडवून पाणी सोडून दिलं आणि पिंप टेम्पोत चढवलं. चाचांना हात देऊन वर घेतलं.

गाडी चालू करून तो बसला. पण गिअर टाकेना.

"चाचा," तो म्हणाला. "आता वहिनींकडे जायचं. त्यांना काय सांगू?"

फाटकासमोरच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली. सर्जाने मान वळवली नाही.

"उंबऱ्याबाहेर उभा राहून सांग," म्हातारा म्हणाला. "सांगून झाल्यावर तिनं चहा टाकला... तर आत जा."